चारशे फुटांतले चाळीस

लालासाहेब : डोळं मिटलं म्हंजी मिटलंच. त्या मॅडमनं तुझ्या त्या चाळीस फूट भिंतीला हात लावला, डोळं मिटलं आन् म्हनली, "दीडशे वर्षं."

आप्पासो : दीडशे?

लालासाहेब : दीडशे. मी म्हनलं, मॅडम, चहा घेता का. दुसरं काय म्हननार?

आप्पासो : आन् बाकीची भिंत?

लालासाहेब : ती अलीकडची म्हनली. चाळीसेक वर्षांची. कामाची न्हाई.

आप्पासो : हवालदार, जरा दमानं घे. पहाटं आटपाडी सोडलीया मी. तीन एस्ट्या बदलल्या. पसरणीच्या घाटात एका बाईनं तिचं पोरगं माझ्या मांडीवर दिलं आन् स्वतः खिडकीतनं वकत बसली. तू फोनवर नुसतं "भिंत, भिंत" म्हनलास आन् फोन ठेवलास. मला वाटलं पडली. हितं येऊन बगतो तर उभी हाय. आता पहिल्यापास्नं सांग.

लालासाहेब : बस हितं. पाठ टेक. न्हाई, हिकडं, जुन्या अंगाला. ऊन हाय.

आप्पासो : बसलो.

लालासाहेब : बंगल्याच्या मालकीन, आपल्या मुंबईच्या पारशी बाईसाहेब वारल्या, त्येला सहा वर्षं झाली. पुतण्यांनी बंगला हाटेलवाल्यांना इकला. हाटेलवाल्यांना बंगला जुना पायजे, पर गाड्या लावायला जागा नवी पायजे. बागेभवतीची ही भिंत आड येती. ते म्हनले सगळी पाडू. तवा ती जुन्या वास्तूंची कमिटी असती, ती म्हनली, सगळी न्हाई, जेवढी खरोखर सायबाच्या टायमाची हाय तेवढी ठेवा, बाकीची पाडा. मग सायबाच्या टायमाची कुटली ते ठरवायला ही मॅडम आली. राजनंदिनी मॅडम. आपल्या साताऱ्याचीच पोरगी, पुण्याला शिकली. दोन दिवस भिंत मोजली. दात कोरायच्या काडीगत हत्यार हुतं, त्येनं तुझ्या चाळीस फुटाचा चुना खरवडून बाटल्या भरल्या. आन् रिपोर्ट दिला. चारशे फूट भिंत. त्यातली तीनशेसाठ पाडायची, चाळीस ठेवायची.

आप्पासो : ती चाळीस मी बांधल्याली.

लालासाहेब : मग तुला का बोलीवलंय?

आप्पासो : वीस वर्षांपूर्वी.

लालासाहेब : सांगलीत पाणी शिरलं त्या साली. श्रावणात पडली, दिवाळीला तू पुरी केलीस. सोमवारी जेसीबी येतोय. आज शनवार.

आप्पासो : तिला असं कसं वाटलं पर? शिकल्याली हाय म्हनतोस.

लालासाहेब : शिकल्याली हाय म्हनूनच वाटलं. तुजी भिंत बोगनवेलीमागं हुती. आपुनच लावली हुती वेल, बाईसाहेबांना दिसू नये म्हनून. कवा गेरू न्हाई, चुन्याचा हात न्हाई. गेल्या म्हयन्यात हाटेलवाल्यांनी वेल तोडली, तर आतनं भिंत निघाली कशी? जुन्या विटा, चुन्याचं सांधं, शेवाळ. कुटल्या जुन्या देवळागत. आन् बाकीच्या भिंतीला मी काय करतो ते तुला ठावं हाय.

आप्पासो : ठावं हाय. रंगवतोस.

लालासाहेब : रंगवतो न्हाई. खाली गेरू, वर चुन्याचा पट्टा. वर्षातनं दोनदा, पंधरा आगस्ट आन् सव्वीस जानेवारी. पलटणीत सतरा वर्षं काढली, तितं जे हालत न्हाई त्येला गेरू मारायचा ही आर्डर. हितं आलो तवा बगितलं, एवढी मोठी भिंत, चारशे फूट, आन् अजाबात हालत न्हाई. तेहतीस वर्षं मारतोय. त्यात माझं काय चुकलं?

आप्पासो : काय न्हाई. तिला विटाच दिसल्या न्हाईत.

लालासाहेब : बोट घातलं तर पापुद्रा निघतो, खपल्या पडत्यात. तिला वाटलं, कुणीतरी परवा-तेरवा बांधून रंगवली. पाटील गल्लीतल्या शाळंच्या कंपाउंडसारखी.

आप्पासो : मग तवाच सांगायचं की.

लालासाहेब : मी चौकीदार. रिपोर्टात मी कुटंच न्हाई. एकदा म्हनलं मॅडम, ह्या अंगाला जरा नीट बगा. तर गोड हसली आन् म्हनली, "काका, तुम्ही भिंतीवर फार जीव लावलाय." म्हंजी येडा ठरवला. तू गवंडी हायस. तू सांग, ही मी बांधली. चारला येनार हाय ती, पाहनी झाली म्हनून माझी सही घ्यायला. तू म्हन, मी बांधली, मी म्हनतो, व्हय. झालं काम.

आप्पासो : त्यो रिपोर्ट हाय का तुझ्याकडं?

लालासाहेब : मराठीतली कापी दिलीया. प्लास्टिकमंदी ठेवलीया.

आप्पासो : माझ्या भिंतीचं काय लिवलंय, वाच.

लालासाहेब : आरं, ते महत्त्वाचं न्हाई. महत्त्वाचं पान पुढं हाय, पाडायच्या यादीचं.

आप्पासो : वाच की गड्या. तीन एस्ट्या बदलून आलोय.

लालासाहेब : थांब, चष्मा. हां. "पश्चिमेकडील चाळीस फुटांचा भाग मूळ बांधकामाचा असून त्यातील विटांची जुळणी असाधारण आहे. एकही उभा सांधा खालच्या सांध्यावर आलेला नाही. इतक्या संयमाने काम करणारा कारागीर आज मिळणे अशक्य."

आप्पासो : पुन्ना वाच.

लालासाहेब : पुन्ना काय? तेच हाय.

आप्पासो : शेवटचं तेवढं.

लालासाहेब : "इतक्या संयमाने काम करणारा कारागीर आज मिळणे अशक्य." बास?

आप्पासो : संयम म्हंजी हळू का रं?

लालासाहेब : हळूच, पर चांगल्या अंगानं.

आप्पासो : पन्नास वर्षं थापी धरली, हवालदार. विट्याला केलं, कराडाला केलं, हितल्या दोन शाळांची कामं केली. सगळ्या मुकादमांनी मला एकच शब्द दिला. "आप्पा, तू हळू हायस." तीनदा कामावरनं घरी लावलं, त्येच्याच पायी. बायकू म्हनायची, मेंढरामागं होता तवा बी तुमी मागंच असायचा. आन् आता कागदावर कोनतरी लिवतंय.

लालासाहेब : ते तुला लिवलं न्हाई. त्या सायबाच्या गवंड्याला लिवलंय. खाली बग, "अज्ञात कारागीर."

आप्पासो : अज्ञात म्हंजी?

लालासाहेब : कुणाला ठावं न्हाई असा.

आप्पासो : म्हंजी मीच की.

लालासाहेब : आप्पा.

आप्पासो : आन् ती भिंत ठेवून काय करनार हायती?

लालासाहेब : हाटेलात येनाऱ्यांना दावनार. पुढं काच, वरनं दिवा. पितळंची पाटी.

आप्पासो : दिवा?

लालासाहेब : तू त्या दिव्याकडं बगू नगंस. ह्या भिंतीकडं बग. तुझ्या पाठीला लागल्याली हाय तिच्याकडं. पाचगणीत सगळी घरं जांभ्या दगडाची आन् ह्या एका सायबाला वीट पायजे हुती. त्येच्या गावाकडं असली बाग असती म्हनं, चहूबाजूनं विटंची भिंत, आन् भिंतीला टेकून फळझाडं. वीट दिसभर ऊन पिती, रातच्याला झाडाला देती. खालनं वाईकडनं गाढवावर विटा आनल्या, असं बाईसाहेब सांगायच्या. नासपतीची दोन झाडं अजून हायत. मी जानेवारीत सांजच्याला हितं पाठ टेकून बसतो, हीटर लागत न्हाई. आमची शालू साताऱ्याला पोराकडं ऱ्हाती. म्हनती, तुमी माझ्यापेक्षा भिंतीजवळ जास्त बसला. मार्चला मला बी काडनार हायती, नव्या कपड्यातलं गार्ड येनार. त्येचं काय न्हाई. पर मी रंग मारला म्हनून भिंत मरावी, हे न्हाई मला पचत.

आप्पासो : पाठीला गरम लागतंय खरं.

लालासाहेब : मग सांगशील न्हवं?

आप्पासो : सांगतो. पर ती इचारनार, चाळीस फूट का पडली हुती?

लालासाहेब : ढगफुटी. त्या साली सगळीकडंच पडत हुतं.

आप्पासो : हवालदार.

लालासाहेब : काय?

आप्पासो : ढिगारा मी उपसला. बुडातल्या विटांत शिमिटाचं बोळं निघालं. मुठीएवढं. गेरू मारल्यालं.

लालासाहेब : किती निघालं?

आप्पासो : आठ. मी मोजून वढ्यात टाकलं.

लालासाहेब : वीस वर्षं बोलला न्हाईस.

आप्पासो : तू इचारलं न्हाईस.

लालासाहेब : आता तू गप ऱ्हा. त्यातलं काय बोलायचं न्हाई. नुसतं, भिंत पडली, मी बांधली. एवढंच. गाडी आली बग.

(राजनंदिनी फाटकातून आत येते. हातात फाईल, पायात धुळीने भरलेले बूट.)

राजनंदिनी : नमस्कार काका. उशीर झाला. वाईला एक घाट पाहायचा होता, तिथे गेले तर घाटावर आधीच फरशी बसवलेली. मला म्हणाले, मॅडम, आता जुन्या घाटाचं सर्टिफिकेट द्या. बसू का इथे पाच मिनिटं?

लालासाहेब : बसा की. चहा ठेवू? स्ट्रॉबेरी हाय, सकाळी तोडल्याली.

राजनंदिनी : काही नको. या आठवड्यातली ही पाचवी जागा. सही करा, मी साताऱ्याला जाते, आईकडे झोपते.

लालासाहेब : हे आमचं दोस्त. आप्पासो. आटपाडीचं. गवंडी हायती.

राजनंदिनी : वा, काका. मग तुम्ही ती पश्चिमेची भिंत पाहिलीत का?

आप्पासो : बगितली.

राजनंदिनी : तुम्हीच सांगा, अशी भिंत आज कोणी बांधेल?

आप्पासो : आज न्हाई.

राजनंदिनी : मीही तेच लिहिलंय.

लालासाहेब : स्ट्रॉबेरी घ्याच मॅडम, लय गोड निघाली औंदा. आप्पा, तुमी काय म्हनत हुता मगा?

आप्पासो : मी? मी काय म्हनत न्हवतो. बाई, एक इचारू? ती दीडशे वर्षांची हाय हे तुमी कशावरनं वळखलं?

राजनंदिनी : विटांवरून. तशी वीट आता होत नाही.

आप्पासो : बराबर हाय. विटा जुन्या हायत्या.

राजनंदिनी : शिवाय चुना. त्यात विटांची भुकटी आहे, गूळ आहे, हिरडा आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे केस. जनावराचे केस. इंग्लंडात चुन्यात केस घालायची पद्धत होती, चुना तडकू नये म्हणून. इकडे या भागात मला ती कुठेच सापडली नाही. त्या साहेबाने स्वतः उभं राहून करून घेतलं असणार. कमिटीला तो भाग फार आवडला.

आप्पासो : केस कसलं?

राजनंदिनी : लॅबने मेंढीचे सांगितलेत. काळे. एक-दोन धागे निळे निघाले, म्हणजे नीळ दिलेलं कापड वगैरे मिसळलं असेल.

आप्पासो : कापड न्हाई ते.

लालासाहेब : आप्पा, बग हां.

आप्पासो : हवालदार, तूच बोलीवलंस की मला. बाई, तुमी त्या साऱ्या भिंतीचं दुसऱ्या पानावर काय लिवलंय? ही, जिला मी पाठ टेकलीया.

राजनंदिनी : ही? "सुमार दर्जाचे, अलीकडचे बांधकाम. जतन करण्याजोगे काही नाही."

आप्पासो : सुमार म्हंजी?

राजनंदिनी : म्हणजे... साधारण. कसंतरी केलेलं.

आप्पासो : ते खोडा.

राजनंदिनी : का?

आप्पासो : त्येचं बगूनच मी लावली. त्यो कोन गवंडी हुता त्येचं नाव मला ठावं न्हाई, पर तीन म्हयनं मी त्येच्याजवळ शिकलो. ढिगाऱ्यातनं वीट काडायची, धुवायची, शेजारच्या उभ्या भिंतीपुढं जायाचं, त्यानं आडवी कवा घेतलीया, उभी कवा घेतलीया बगायचं, आन् मग माझी बसवायची. दिसाला शंभर वीट न्हाई जायची. मला चुन्याचं काम येत बी न्हवतं. हवालदारानं शिमिट आनला न्हाई, शिमिटाचं बिल मुंबईला गेलं असतं. बंगल्याला चुना काडायला पोती आलीवती, तीच वापरली.

लालासाहेब : आन् बंगल्याला चुना काडलाच न्हाई. बाईसाहेब मे म्हयन्यात आल्या, वर बगितलं आन् म्हनल्या, लालासाहेब, चूना बहुत अच्छा लगा है.

राजनंदिनी : एक मिनिट. काका, तुम्ही काय सांगताय?

आप्पासो : ती चाळीस फूट मी बांधली. वीस वर्षं झाली. केस माझ्या उशीतलं. आमी मेंढरं राखणारं. आमच्याकडं घराच्या मातीत, चुलीच्या मातीत लोकर घालत्यात, चिरत न्हाई म्हनून. हितं पावसात चुना चिरायला लागला, तवा उशी उसवली आन् घातली. सायेब कुनी उभा न्हवता. हवालदार हुता, छत्री धरून.

राजनंदिनी : आणि निळा धागा?

आप्पासो : आमच्या घरची खूण. मेंढीच्या पुठ्ठ्यावर निळा हात मारतो, म्हंजी दुसऱ्याच्या खांडात गेली तरी वळखती. आईलपेंट हाय. करगणीच्या बाजारातला. लोकर कातरली तरी थोडा ऱ्हातो.

राजनंदिनी : ...लॅबने लिहिलं होतं. "कृत्रिम रंग, अलीकडचा." मी म्हटलं नमुना दूषित झाला असेल. वेगळं पाकीट केलं आणि फाईलला मागे लावलं.

लालासाहेब : स्ट्रॉबेरी घ्या मॅडम.

राजनंदिनी : मग ही? ही बाकीची?

लालासाहेब : मूळची हीच. वर गेरू-चुना हाय, तेहतीस वर्षांचा. सासष्टाच्या वर हात बसल्यात. मीच मारलं.

राजनंदिनी : पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी.

लालासाहेब : तुमाला कसं ठावं?

राजनंदिनी : माझे वडील सुभेदार होते, काका. आमच्या घरापुढची कुंडी, पायरी, नारळाचा बुंधा, सगळं खाली गेरू आणि वर पांढरं. एकदा कुत्रा झोपला होता, त्याच्या शेपटीला लागलं. मी इथे आले, ही भिंत पाहिली आणि मला वाटलं, कुठल्या तरी निवृत्त फौजीने बांधली. पुढे काही पाहिलंच नाही. पुण्याची मुलगी असती तर निदान खरवडून तरी पाहिलं असतं. द्या ती काडी इकडे, फाईलमधली.

लालासाहेब : हळू हां. तिकडं न्हाई, तिकडं औंदाचा हात बाकी हाय.

राजनंदिनी : निघेना. केवढा जाड थर बसलाय... हां. निघाली. तीच वीट. सांधा बोटाएवढा, तोच. काका, याच्यात केस नाहीत.

आप्पासो : त्येच्याकडं मेंढरं नसतील.

राजनंदिनी : बरं. म्हणजे सगळं उलटं लिहायचं. ही तीनशेसाठ फूट राहणार. पण ऐका आता. हॉटेलला बस आत घ्यायला चाळीस फूट मोकळे लागतात. नकाशा मंजूर झालाय. ही राहिली तर ती जाणार. तुमची.

आप्पासो : माझी.

राजनंदिनी : वीस वर्षांच्या बांधकामाला नियमात काहीच संरक्षण नाही.

आप्पासो : सकाळच्याला दीडशेची हुती.

राजनंदिनी : हो.

आप्पासो : तीच वीट, त्योच चुना.

राजनंदिनी : तेच सगळं. मला वाईट वाटतं काका. तुम्ही म्हणालात तर मी आत्ता उठते, सही घेते आणि जाते. मी काही ऐकलं नाही. रिपोर्ट बदलला तर मला तीन ठिकाणी उत्तरं द्यावी लागतील, आणि खरं सांगू का, तो कोणी वाचत नाही.

आप्पासो : मी वाचून घेतला. तीनदा वाचाय लावनार हुतो, हवालदारानं दोनदाच वाचला.

लालासाहेब : आप्पा, तू म्हनशील तसं. मी बोलीवलं तवा हे दिव्याचं, पाटीचं माझ्या डोक्यात हुतं, पर तुझी जाईल हे न्हवतं. तू म्हनशील तर मी बी काय ऐकलं न्हाई.

आप्पासो : ह्येच्यावरचा गेरू धुऊन काडता येतोय का बाई?

राजनंदिनी : येतो. वेळ लागतो.

आप्पासो : मग लिवा. त्यो गवंडी मरून गेला, त्येच्या बाजूनं बोलाय कोन न्हाई. मी तरी हाय. लिवा.

राजनंदिनी : लिहिते. पण आणखी एक रकाना आहे, तो मला सोडता येणार नाही. मूळ चाळीस फूट का पडली? पावसाने आपोआप पडली असेल तर कमिटी म्हणेल सगळीच भिंत कमकुवत आहे, माणसांच्या अंगावर येईल. मग सगळीच पाडतील, तुमचीही आणि हीसुद्धा. काही बाहेरचं कारण होतं का? झाड, गाडी, काहीही?

आप्पासो : मी पडल्यावर आलो. मला ठावं न्हाई.

राजनंदिनी : लालासाहेबकाका?

लालासाहेब : चहा ठेवतो मी.

राजनंदिनी : काका, चहा नंतर.

लालासाहेब : मॅडम, ह्या भिंतीला बुडाला भोकं हायती. दर पाच फुटावर. वरच्या अंगाचं पाणी त्यातनं भाईर पडतं.

राजनंदिनी : पाहिली. त्यावरूनच मला वाटलं होतं, बांधणारा शहाणा होता, अलीकडचा का असेना.

लालासाहेब : बाईसाहेबांनी पहिल्याच दिशी सांगितलं हुतं, लालासाहेब, ये छेद कभी बंद नहीं करना. मी म्हनलं, येस मेमसाब. त्या साली मे म्हयन्यात त्या येनार म्हनून मी भिंत जादाची रंगवली, आन् ती भोकं दिसाय लागली. रंगवल्याल्या भिंतीत भोकं म्हंजी कसं, वर्दीला बटन नसल्यागत. पाऊस लांब हुता. म्हनलं, त्या जाईस्तवर बुजवू, मग काडू. शिमिटाचं बोळं भरलं, वर गेरू मारला. बाईसाहेब आल्या, बगितलं, खुश झाल्या. गेल्या. आन् मी इसरलो. एवढं चांगलं दिसत हुतं की इसरलो. श्रावणात माती फुगली, पाण्याला वाट न्हाई. दुपारी जेवत हुतो, आवाज आला.

राजनंदिनी : आणि बाकीच्या तीनशेसाठ फुटांची भोकं?

लालासाहेब : त्याच दिशी पहारीनं सगळी उगडली. पावसात. बहात्तर भोकं. तवापास्नं वीस पावसाळं झालं, एक वीट हालली न्हाई. भिंतीचा काय दोष न्हाई. भोकं मी बुजवली हुती.

राजनंदिनी : बाईंना सांगितलंत?

लालासाहेब : दर मे म्हयन्यात सांगनार हुतो. त्या बोगनवेलीपुढं खुर्ची टाकून बसायच्या, म्हनायच्या, अच्छी वेल लगाई. चौदा मे गेले. मग दवाखान्यात गेल्या. मी मुंबईला जाऊन आलो, तितं बी सांगनार हुतो. नळ्या हुत्या नाकात. आता तुमाला पैल्यांदा सांगतोय.

राजनंदिनी : असंच लिहू?

लालासाहेब : असंच लिवा. हवालदार लालासाहेब, नाव पुरं लिवा. मार्चला तर जायाचंच हाय.

राजनंदिनी : ...झालं. सही इथे. आता आप्पासोकाका, तुमचं नाव.

आप्पासो : माझं कशाला?

राजनंदिनी : पाडायच्या यादीत "बांधणाऱ्याचे नाव" असा रकाना असतो. आजवर मी तो कधी भरला नाही, कुणाला माहीतच नसतं. तुमचा भरता येईल.

आप्पासो : पाडायच्या यादीत.

राजनंदिनी : हो. आणि ते वाक्य मी तसंच ठेवतेय. संयमाचं.

आप्पासो : "आज मिळणे अशक्य" हे बी?

राजनंदिनी : ते बदलते. "आज आटपाडीस राहतो."

आप्पासो : लिवा. आप्पासो बिरा गळवे. बिराचा ऱ्हस्व का दीर्घ ते तुमीच बगा.

लालासाहेब : आप्पा, माझ्यापायी तुझी...

आप्पासो : गप. त्या जेसीबीवाल्याला सांग, माझ्या भिंतीला नख लावायचं न्हाई. मी हातानं उतरवनार. शिमिटाची वीट फुटती, चुन्याची सुटती. धुऊन ठेवतो. तुझ्या भिंतीला खाली पाण्यानं जितं जितं खाल्लंय, तितं बसवतो. त्याच्याच विटा, त्यालाच लागतील. तू नुसती छत्री धर.

लालासाहेब : जानेवारीत छत्री?

आप्पासो : ऊन लागतं मला.

राजनंदिनी : म्हणजे सोमवारचा जेसीबी पुढे ढकलावा लागेल. मी हॉटेलवाल्यांना आत्ता फोन करते. किती दिवस सांगू?

आप्पासो : पाऊस लागायच्या आत हुईल म्हनावं. कारागीर हळू हाय.